वडिलांनी जमवलेले जुन्या मोटारींचे मोनोग्राम : नोंद कशी आणि कोणत्या क्रमाने करावी?

प्रश्न — गिरगावकर

नमस्कार. माझे वडील १९६३ ते १९९७ अशी ३४ वर्षे लालबागच्या एका गॅरेजमध्ये पत्र्याचे काम करीत होते. गाडी रंगायला घेण्यापूर्वी तिच्यावरचे मोनोग्राम काढून ठेवावे लागत. (गॅरेजमध्ये बोधचिन्ह असो वा नावाची अक्षरपट्टी, सगळ्याला हा एकच शब्द होता.) त्यांपैकी जे तुटलेले असत किंवा ज्यांच्या जागी मालक नवे बसवून घेत, ते वडील विचारून घरी आणत. भंगारात जाणाऱ्या गाड्यांचेही त्यांनी असेच जमवले. गेल्या वर्षी ते गेले. आता माझ्याकडे पत्र्याचे ७ डबे आहेत आणि ढोबळ मोजणीनुसार त्यांत २१२ नग आहेत.

डब्यांसोबत लाल कापडी बांधणीची एक चोपडीही आहे. तिच्यात वडिलांनी साठेक नोंदी केल्या आहेत, परंतु ना नोंदींना क्रमांक आहेत ना वस्तूंना, त्यामुळे कोणती नोंद कशाची हे मला लागत नाही. त्यांची भाषाही स्वतःचीच होती. उदाहरणादाखल चार नोंदी जशाच्या तशा देते : ‘होडी, हिरवी, डिकी, पाय एक तुटका’, ‘मेंढा, बॉनेट, शेटने दिला’, ‘फुली निळी, जाळीवरची’, ‘टोपवाला, नाक घासलेले’.

एक चूक आधीच झाली आहे, तीही सांगून टाकते. सर्वांत काळवंडलेला एक पितळी बिल्ला मी देवाची भांडी घासतो तसा चिंच आणि मीठ लावून घासला. समोरचा भाग लखलखीत झाला, परंतु कडेचा पांढरट मुलामा निघून गेला आणि मधल्या निळ्या मीनाकामाची चकाकी मंदावली. त्यानंतर मी कशालाही हात लावलेला नाही. हा संग्रह विकण्याचा माझा विचार नाही. वडिलांनी ३४ वर्षे काय पाहिले आणि हाताळले, हे नीट लिहून ठेवावे एवढीच इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर — मंगळवार पेठ

गिरगावकर ताई, आपण थांबलात हे फार चांगले केलेत. मी सुमारे २५ वर्षे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि मुंबईच्या चोरबाजारातून मोनोग्राम गोळा करीत आलो आहे. बहुतेक संग्राहकांना जे कधीच मिळत नाही ते आपल्याकडे आहे, आणि ते म्हणजे वस्तू कोठून आली हे सांगणारी चोपडी. बाजारातल्या नगाला पूर्वेतिहास नसतो. तो चार हातांतून, दोनदा घासला जाऊन आलेला असतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की डबे अजून उपसू नका. प्रत्येक डबा उघडून, आतले काहीही न हलवता वरून छायाचित्र घ्या. मग एकेक थर काढत पुन्हा छायाचित्रे घ्या. कोणत्या डब्यात, कोणाशेजारी, कोणत्या कागदात गुंडाळलेला नग होता हीसुद्धा माहितीच आहे. वडिलांनी एका गाडीचे तीन तुकडे एका पुरचुंडीत ठेवले असतील आणि आपण ते ‘समोरचे’, ‘मागचे’ अशा गटांत वाटून टाकले, तर ते नाते पुन्हा जुळवता येणार नाही. गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावर तारीख असेल तर तीही टिपा. ती वस्तूची तारीख नव्हे, परंतु ठेवणीची तारीख त्याच्या आधीची असू शकत नाही, इतके तरी तिच्यावरून कळते.

आता आपल्या चार नोंदी. ‘होडी’ म्हणजे बहुधा प्लिमथ, कारण त्या गाडीच्या चिन्हावर मेफ्लॉवर हे जहाज असे. ‘मेंढा’ डॉजचा. ‘टोपवाला’ म्हणजे डिसोटोच्या बॉनेटवरील शिरस्त्राणधारी मुखवटा. हर्नांडो द सोटो या स्पॅनिश मोहीमवीराच्या नावावरूनच त्या गाडीचे नाव आले. ‘फुली’ शेवरलेची असावी. गॅरेजमध्ये त्या चिन्हाला फुली म्हणताना मी स्वतः ऐकले आहे. यांतील तीन नावे क्रायस्लर या अमेरिकन मोटार समूहाची आहेत आणि लालबागच्या गॅरेजमध्ये ती एकत्र सापडणे स्वाभाविक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाटच्या आधी, क्रायस्लरच्याच गाड्यांची जुळणी होत असे.

मोनोग्रामचे मोल समजायला ही गोष्ट फार उपयोगी आहे. एकाच बांध्याची गाडी थोड्याफार फरकाने प्लिमथ, डॉज किंवा डिसोटो म्हणून विकली जाई आणि तिची ओळख पटवण्याचे बरेचसे काम हे वीतभर लांबीचे धातूचे तुकडे करीत. आपल्या देशात हे पुढेही चालू राहिले. ब्रिटनमध्ये जी ट्रायम्फ हेरल्ड होती ती १९६१ पासून मद्रासमध्ये स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनली. मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची बंगालमधील उत्तरपाड्यात लँडमास्टर झाली आणि तिसरीची अॅम्बॅसेडर. कुर्ल्याची फियाट ११०० डिलाइट १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. सांगाडा तोच राहून नाव बदलत गेले, त्या बदलांचा हाती धरता येणारा पुरावा म्हणजे मोनोग्राम. म्हणूनच भारतातल्या संग्रहाची नोंद करताना ‘गाडीची बनावट’ आणि ‘मोनोग्रामवरचे नाव’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत असे माझे ठाम मत आहे. परदेशी याद्यांमध्ये बहुधा एकच रकाना असतो आणि आपल्याकडच्या गाड्या त्यात बसत नाहीत.

शेवरलेबद्दल एक सूचना. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास येथील जुळणी बंद केली. त्या काळातील गाडी मुंबईत जुळली असली तरी तिचा मोनोग्राम सुट्या भागांबरोबर बाहेरून आलेला असणेच अधिक संभवते, म्हणून ‘निर्मिती : मुंबई’ असे चटकन लिहू नका.

क्रमांकाविषयी. क्रमांकात गाडीचे नाव गुंफू नका. ‘डॉज-१२’ असा क्रमांक दिला आणि पुढे तो नग फार्गो ट्रकचा निघाला, तर सगळी वही खोटी ठरते. २०२५.१.१ असा साधा क्रम ठेवा : नोंदीचे वर्ष, त्या वर्षी आलेला कितवा गठ्ठा, त्यातला कितवा नग. ओळख चुकली तर रकान्यात दुरुस्ती होते आणि क्रमांक कायम राहतो.

उत्तर — काचकपाट

मी काही वर्षे एका संग्रहालयात धातूच्या वस्तूंच्या जतनाचे काम केले आहे. वरील उत्तराशी सहमत आहे. जे राहिले ते सांगते.

ताई, प्रत्येक नग प्रथम उलटा करून पाहा. संग्राहकांच्या चौकटी समोरच्या बाजूसाठी बनतात, परंतु वाचायला अधिक असते ते पाठीवर. तेथे ओतकामाच्या साच्याचा क्रमांक असतो, क्वचित बनवणाऱ्याचे नाव असते, पाय (गाडीच्या पत्र्यात बसणारे मागचे दांडे) कसे होते ते दिसते, आणि पुष्कळदा गाडीच्या रंगाचे कण असतात. एखादी गाडी मोनोग्राम न काढताच रंगवली असेल, तर कडेच्या खाचेत एकावर एक दोन-तीन रंगांचे पापुद्रे मिळतात. चिंच-मिठाने नेमके हेच जाते. चिंचेतील आम्ल मीन्यावरही परिणाम करते, कारण खरा मीना म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून धातूवर वितळवलेली काच असते आणि त्यातले काही रंग आम्लाला दाद देत नसले तरी काही लगेच निस्तेज होतात. आपल्या बिल्ल्याची गेलेली चकाकी परत आणण्याच्या खटपटीत पडू नका. वहीत ‘चिंच व मीठ वापरून स्वच्छ केला’ असे तारखेसह लिहा, म्हणजे पुढे तपासणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

स्वच्छता म्हणून मऊ ब्रशने धूळ झाडणे एवढेच करा. तेलकट थर असेल तर त्यालाही घाई नको.

धातू ओळखण्यासाठी घासून पाहण्याची गरज नसते. लोखंडी पत्रा चुंबकाला चिकटतो. उरलेल्यांसाठी सोनाराच्या छोट्या काट्यावर आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन करा. समजा नग हवेत ९३ ग्रॅम भरला आणि पाण्यात ७९, तर घट १४ ग्रॅमची झाली. ९३ ला १४ ने भागल्यावर ६.६ च्या आसपास उत्तर येते आणि ते जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आहे. पितळ असते तर साडेआठच्या जवळपास आले असते आणि अॅल्युमिनियम असते तर २.७. मात्र मीन्याला तडा गेलेला असेल, पाठीवर रंगाचे पापुद्रे असतील किंवा आत पोकळी असेल, तर त्या नगाला पाण्यात घालू नका.

मीना खरा की रंग भरलेला, हे भिंगातून तिरप्या उजेडात कळते. खरा मीना भाजल्यावर घासून धातूच्या रेघांशी सपाट केलेला असतो, तर नंतर भरलेला रंग रेघांच्या मध्ये किंचित खोलगट बसतो आणि कडांना वर चढलेला दिसतो. मीना तुटतो तेव्हा काचेसारखा टवका उडतो.

वस्तूवर चिकटपट्टी किंवा चिठ्ठी लावू नका. संग्रहालयांत पाठीवर अॅक्रिलिक रेझिनचा पारदर्शक थर देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहितात आणि वर दुसरा थर देतात. घरी हे करण्यापेक्षा पांढऱ्या सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधून तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला उत्तम. शाई मुंबईच्या पावसाळ्यात पसरते.

ठेवणीबद्दल आग्रहाने सांगते. मखमलीवर मोनोग्राम बसवून काचेच्या लाकडी चौकटीत भिंतीवर लावण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तिनेच फार नुकसान केले आहे. प्लायवुडमधून निघणारी आम्लांची वाफ जस्त आणि शिसे खाते, तर लोकरी कापडातील गंधकाने चांदी आणि तांबे काळे पडते. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत. पॉलिप्रॉपिलिनचे झाकणाचे डबे घ्या, आत पॉलिइथिलिनचा फोम कापून प्रत्येकाला वेगळा खण करा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या नियमाने बदला. पत्र्याचे जुने डबे टाकू नका. तेही संग्रहाचा भाग आहेत, फक्त रिकामे ठेवा.

एखाद्या ओतीव नगावर जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या किंवा तो फुगून वाकडा झालेला वाटला, तर त्याची छायाचित्रे सर्वांत आधी काढा. जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू आतूनच फुटत जातो. त्यावर उपाय नाही. १९३० च्या आधीच्या ओतीव वस्तूंत हे अधिक दिसते.

उत्तर — रंकाळा

मी कोल्हापुरात जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचे काम करतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. डब्यात बंद असलेला मोनोग्राम हा एखाद्या गाडीच्या अंगावरून गेलेला मोनोग्राम आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटला भोके तशीच असतात आणि वर काही नसते. आपल्याकडे एकाच प्रकारचे चार नग असतील तर दोन तरी गाड्यांना मिळावेत, असे मला मनापासून वाटते.

नकली मालाबद्दलही सांगतो. मूळ नगावरून साचा काढून ओतलेली प्रत मूळ नगापेक्षा लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. पितळात हे आकसणे दीड ते दोन टक्के असते, म्हणजे ८० मिलिमीटरच्या बिल्ल्याची प्रत सव्वा ते दीड मिलिमीटरने कमी भरते. म्हणून व्हर्नियर मापपट्टीने लांबी-रुंदी दशांश मिलिमीटरपर्यंत मोजून वहीत लिहाच. आपल्या वडिलांनी गाडीवरून काढलेल्या नगांची मापे आम्हाला खरे-खोटे ठरवायला प्रमाण म्हणून वापरता येतील, आणि एवढ्या खात्रीची मापे सहसा मिळत नाहीत.

पायांच्या आट्यांवरून (स्क्रूच्या फेऱ्यांवरून) देश ओळखता येतो असे पुष्कळ जण सांगतात, पण सावध राहा. जुन्या ब्रिटिश मापाचा ‘२ बीए’ स्क्रू सुमारे ४.७ मिलिमीटर जाडीचा, अमेरिकन दहा-बत्तीस ४.८ चा आणि मेट्रिक ५ चा. तिघांच्याही आट्यांमधील अंतर ०.८ च्या आसपास. झिजलेल्या पायावर हा फरक हाताला लागत नाही आणि एकाचा नट दुसऱ्यावर एखादा फेरा जातोसुद्धा. जबरदस्तीने नट फिरवून पाहू नका, ओतीव पाय तेथेच तुटतो.

पुन्हा क्रोम करून घेण्याचा सल्ला कोणी देईल. नोंद पूर्ण होईपर्यंत तो मनावर घेऊ नका. मुलामा देण्याआधी पॉलिशच्या चाकावर अक्षरांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. मी स्वतः गाडीवर लावण्यासाठी क्रोम करून घेतो, पण तेव्हा तो नग गाडीचा भाग असतो, पुरावा नसतो.

मंगळवार पेठ

रंकाळा यांच्या दुजोड (एकाच प्रकारच्या जादा) नगांबद्दलच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण वेळेबद्दल आहे. वरवर सारखे दिसणारे दोन नग पाठीवरचा साच्याचा क्रमांक पाहिल्यावर वेगळे निघतात. माझ्याकडे फियाटच्या एकाच अक्षरपट्टीचे ५ नमुने आहेत. दोघांचे पाय आट्यांचे आहेत, दोघांचे साध्या खुंट्यांचे आहेत आणि एकाची पाठ पूर्ण भरीव आहे. ‘दुजोड’ हा शब्द शेवटचा नग नोंदवून झाल्यावरच वापरावा.

आणि ताई, मोटार संघटनांचे बिल्ले निघाले तर त्यांच्यावरचा आकडा सालाचा समजू नका. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासूनची आहे आणि ब्रिटनची ऑटोमोबाईल असोसिएशन १९०५ ची. या ब्रिटिश संघटनेचा बिल्ला तिच्याच मालकीचा राही, सभासदत्व संपले की परत करावा लागे आणि तो दुसऱ्याला दिलाही जाई. आकडा जसाच्या तसा लिहा आणि काळाचा रकाना मोकळा सोडा.

गिरगावकर

सर्वांची मनापासून आभारी आहे. पंधरा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितल्याप्रमाणे आधी फक्त छायाचित्रेच काढली. सातही डब्यांची मिळून १९० झाली.

रंकाळा, आपले म्हणणे मला पटते आणि वडिलांनाही पटले असते. नोंद पूर्ण झाल्यावर जे खरोखर दुजोड ठरतील त्यांच्याविषयी मी आपल्याशी नक्की बोलेन. मापे मात्र तयार होतील तशी येथेच देत जाईन.

डबे थराथराने काढल्याचा लाभ तिसऱ्या डब्यात झाला. तळाशी १९७१ च्या मे महिन्यातील मराठी वर्तमानपत्राच्या तुकड्यात तीन नग एकत्र बांधलेले होते : एक जहाजाचा ओतीव मोनोग्राम आणि दोन सुटी अक्षरे. जहाजाच्या शिडांवरचे क्रोम फोडाफोडांनी उठले आहे. चिन्हात हिरवा रंग कोठेच नाही, त्यामुळे ‘होडी, हिरवी’ ही नोंद याची नसावी असे आधी वाटले. मग काचकपाट यांच्या सांगण्यानुसार उलटा केला. दोन पायांपैकी डावा मुळाशी तुटलेला आहे आणि त्या तुटलेल्या जागेभोवती, नखाएवढ्या खाचेत, गर्द हिरव्या रंगाचा पापुद्रा आहे. त्याच्या खाली फिकट राखाडी अस्तराचा थर दिसतो. हिरवी होडी नव्हती, गाडी हिरवी होती.

तुटलेल्या पायाचा भाग चकाकत नाही, काळवंडलेला आहे, म्हणजे तो फार पूर्वीच तुटला असावा. दोन सुट्या अक्षरांपैकी ‘पी’च्या पाठीवरही तोच हिरवा आहे, ‘एल’च्या पाठीवर काही नाही. तिन्हींना २०२५.१.१, २०२५.१.२ आणि २०२५.१.३ असे क्रमांक दिले, चिठ्ठ्या बांधल्या आणि चोपडीतील त्या ओळीची छायाचित्र-प्रत पहिल्या नोंदीला जोडली. लांबी ११४.३, रुंदी ५८.६ मिलिमीटर. पापुद्रा असल्यामुळे पाण्यातले वजन केले नाही.

एक विचारायचे राहिले. घासलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर मी फारसा हात फिरवला नव्हता. तेथे पायाच्या वायसरखाली काहीतरी पिवळसर दिसते आहे. नट गंजून बसला आहे. तो काढण्याचा प्रयत्न करावा का?

काचकपाट

काढू नका. वायसरच्या कडेने तिरपा उजेड टाकून भिंगातून छायाचित्र घ्या आणि ‘वायसरखाली पिवळा थर, नट काढलेला नाही’ असे लिहा. तो थर तेथे सुरक्षित आहे.